बिनफोडणीचं प्रकरण

सिफुफे सेतिंद्लुबु या पदार्थाची कृती अशी: तिंद्लुबु रात्री भिजत घाला. सकाळी मीठ घालून मऊ शिजवा. शिजले की घोटा आणि वाढा.

एवढं वाचून मराठी माणूस पान उलटून बघतो. मागे काहीतरी असणारच. 'फोडणीसाठी' असा वेगळा मथळा, त्याखाली तेल, मोहरी, हिंग, हळद. निदान 'वरून ओलं खोबरं व कोथिंबीर पेरावी' एवढी तरी एक ओळ. मागचं पान कोरं असतं. एस्वातिनीतली माणसं हा पदार्थ कित्येक पिढ्या असाच रांधत आली आहेत, असाच खात आली आहेत, आणि यात काही राहून गेलंय अशी शंका त्यांच्या मनाला शिवलेली नाही.

आमच्याकडे पदार्थ शिजला म्हणजे काम संपत नाही, खरं काम तिथून सुरू होतं. वरण शिजलं की फोडणी, कोशिंबीर कालवली की फोडणी, रात्रीचा भात उरला की सकाळी फोडणी, पोळ्या उरल्या की त्यांचा चुरा करून फोडणी. ताकालासुद्धा आम्ही सोडलेलं नाही. जे कच्चं आहे, शिजलंय, उरलंय किंवा आंबलंय, त्यावर तापलेलं तेल चर्र करून पडल्याशिवाय ते आपलं झालं असं आम्हाला वाटतच नाही. अशा समाजातला एक गृहस्थ बायकोच्या नोकरीपायी म्बाबाने शहरात येऊन राहतो. ती सकाळी शाळेत गणित शिकवायला जाते, तो घरून काम करतो, म्हणजे स्वयंपाक करतो. त्याला घरमालकीण बाई ही तीन वाक्यांची कृती तोंडी सांगतात आणि निघून जातात. हा माझ्यावर टाकलेला विश्वास होता की लावलेली परीक्षा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एस्वातिनी म्हणजे पूर्वीचं स्वाझीलँड. आईला पत्ता समजावताना मी आधी आफ्रिकेचा नकाशा उघडला होता. तीन बाजूंनी दक्षिण आफ्रिका, पूर्वेला मोझांबिक, समुद्र नाही वगैरे. तिच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग मी आकडे काढले. या देशाचं क्षेत्रफळ १७,३६४ चौरस किलोमीटर आणि आमच्या नगर जिल्ह्याचं १७,०४८.

"म्हणजे आपल्या जिल्ह्याएवढा देश?"

"किंचित मोठा. पण वस्ती जेमतेम बारा लाख. आपली २०११ लाच पंचेचाळीस लाख होती."

"आणि त्याला राजा?"

"हो, खराखुरा."

"त्यात काय," आई म्हणाली, "आपल्याकडे तालुक्याला एक आहे."

तेव्हापासून एस्वातिनी आमच्या घरात परका मुलूख राहिलेला नाही. शिवाय नावाचंही साम्य निघालं. २०१८ च्या एप्रिलमध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात, राजे म्स्वाती तिसरे यांनी देशाचं नाव बदलून एस्वातिनी केलं. नगरचं २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. आई अजून नगर म्हणते, आमच्या घरमालकीण बाई अजून स्वाझीलँड म्हणतात, आणि दोघींना दुरुस्त करण्याची कोणाची हिंमत नाही.

घरमालकीण बाईंना सगळे गोगो म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. गोगो म्हणजे आजी. टेकडीच्या उतारावर वरचं घर आमचं, खालचं त्यांचं, आणि मधल्या अंगणात एका छपराखाली चूल. चुलीवर लोखंडी, तीन पायांचं भांडं. हे भांडं स्वतःच्या पायांवर उभं राहतं, त्यामुळे त्याला शेगडी, स्टँड, इंडक्शन यांपैकी कोणाचीच मनधरणी करावी लागत नाही. गोगोंचा स्वभावही साधारण तसाच आहे.

या देशात आजी या पदाला वजन आहे ते उगाच नाही. १८९९ च्या डिसेंबरात राजा भूनू वारला तेव्हा गादीचा वारस सोभूझा काही महिन्यांचा होता. मग कारभार बघितला त्याच्या आजीने, लाबोत्सिबेनीने. एकदोन वर्षं नव्हे, थेट १९२१ पर्यंत. ब्रिटिशांनी वाटणी करून देशाची सुमारे दोनतृतीयांश जमीन स्वाझींच्या हातातून काढली, तेव्हा ती परत विकत घ्यायची म्हणून या आजीने लोकांकडून पैसा उभा केला, नातवासाठी शाळा काढली, आणि तो वयात आल्यावर राज्य त्याच्या हवाली केलं. नातू मग १९८२ पर्यंत गादीवर होता. बाळराजा म्हणून बसला तिथपासून मोजलं तर ब्याऐंशी वर्षं. आजीने दिलेलं काम मधेच सोडायचं नसतं, हे त्याने फारच मनावर घेतलं. म्बाबानेच्या मुख्य रस्त्याला आज ग्वामिले हे त्याच आजीचं दुसरं नाव आहे. तेव्हा गोगोंनी 'मीठ घालून मऊ शिजवा' एवढंच सांगितलं असेल, तर त्यात आपल्या पदरचं काही घालणं हा जवळजवळ राजद्रोह होता.

आता मुख्य पात्राविषयी. तिंद्लुबु हा दाणा वाटाण्याहून थोराड, गोल गरगरीत, कधी पांढुरका, कधी तांबडा, कधी ठिपक्यांचा. इंग्रजीत त्याला मालीतल्या बाम्बारा लोकांच्या नावाने ओळखतात. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत दुकानदार जुगो बीन्स म्हणतात. शेंग येते जमिनीखाली, भुईमुगासारखी, आणि एका शेंगेत बहुधा एकच दाणा. म्हणजे एका एका दाण्यासाठी स्वतंत्र बंगला. ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून सोलून खातात, तेव्हा नगरच्या बसस्टँडवर उकडलेल्या शेंगा खाल्लेल्या माणसाचा हात आपोआप टरफलं टाकायला खिडकी शोधतो. सुकलेले दाणे मात्र वेगळं प्रकरण आहे. ते इतके कडक असतात की बाजारात बाई पत्र्याच्या मापाने ते पिशवीत ओततात तेव्हा गारा पडल्याचा आवाज येतो.

वनस्पतिशास्त्राने या दाण्याला पूर्वी व्होआंझेया नावाच्या वेगळ्या घराण्यात ठेवलं होतं. पुढे अभ्यासकांनी त्याला व्हिग्ना वंशात आणून बसवलं. व्हिग्ना म्हणजे कोण? मूग, उडीद, मटकी, चवळी. म्हणजे ज्या दाण्याला मी परका समजत होतो तो गोत्राने आमच्या मिसळीतला निघाला. पश्चिम आफ्रिकेत उगम, जमिनीखाली बिऱ्हाड, आणि गोत्र मटकीचं. हे आईला सांगितलं आणि नको तो प्रश्न उभा राहिला.

"उपवासाला चालतो का?"

प्रश्न साधा नाही. मटकी उपवासाला चालत नाही, तेव्हा तिचा सगोत्र चालायला नको. पण हा दाणा येतो जमिनीखाली आणि दिसतो-वागतो भुईमुगासारखा, आणि भुईमूग तर उपवासाचा कुलस्वामी. आता भुईमूगही शेंगवर्गीयच, मटकीचा लांबचा चुलत. पण ते कोणी काढत नाही. मी आईला म्हटलं, की तुझ्या एकादशीच्या ताटातला शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, बटाटा तिथलाच, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो तिथलाच, मिरचीही अमेरिकेतलीच; पोर्तुगीज आले नसते तर पांडुरंगासमोर तू वरी घेऊन बसली असतीस. ती शांतपणे म्हणाली, "मग अमेरिका चालते तर आफ्रिकेने काय घोडं मारलंय? जमिनीखाली येतो ना? चालेल. फक्त फोडणी तुपाची दे, जिऱ्याची. मोहरी नको."

पाहा. धर्मनिर्णय लागला आणि त्याच श्वासात फोडणीही लागली.

खरं तर या प्रकरणात भुईमुगाने जरा खाली मान घालायला हवी. तिंद्लुबु आफ्रिकेत आधीपासून नांदत होते. अटलांटिकपलीकडून भुईमूग आला, तोही जमिनीखालीच शेंगा धरणारा, त्यामुळे शेतकऱ्यांना तो नवखा वाटला नाही, आणि बघता बघता त्याने या दाण्याची जागा बळकावली. कारण पैशाचं होतं. भुईमुगात निम्म्याच्या आसपास तेल, आणि तिंद्लुबुत नावापुरतं. ज्यातून तेल निघत नाही त्याच्यामागे गिरणीवाला कशाला लागेल? व्यापार भुईमुगाकडे गेला, आणि तिंद्लुबु राहिले परसदारी, बायकांच्या वाफ्यांत. हलक्या जमिनीत, कमी पावसात, जिथे मका मान टाकतो तिथे हे पीक तग धरतं, मातीला नत्र देतं, दाण्यात पाचवा हिस्सा प्रथिनं. संशोधक त्याला 'दुर्लक्षित पीक' म्हणतात. मी हे गोगोंना मोठ्या कळवळ्याने सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोणी केलं दुर्लक्ष? आम्ही तर दर वर्षी पेरतोय."

पण भुईमुगाशी माझं वैर टिकणार नव्हतं, कारण इथे तो कुठे भेटतो बघा. लाल भोपळ्याच्या वेलाचे कोवळे शेंडे आणि पानं शिजवून त्यात कुटलेले शेंगदाणे घालतात. त्याला म्हणतात उम्बिद्वो वेतिंत्सांगा. व्हिडिओ कॉलवर आईने ते भांड्यात बघितलं आणि म्हणाली, "हे तर आपलंच. कूट जरा जास्त पडलंय." ज्या भाजीत काही सुचलं नाही की कूट घालायचं, हा शोध दोन खंडांत दोन वेळा लागलेला आहे, आणि दोन्हीकडे लावणाऱ्या बायकाच असणार, कारण सकाळच्या घाईत पुरुषाला शोध लागत नाहीत.

असो. दाणे भिजत घातले. म्बाबाने साधारण बाराशे मीटर उंचीवर आहे. महाबळेश्वर याहून थोडं वर. जून-जुलैत इथे हुडहुडी भरते आणि भिजवलेला दाणा रात्रभर तसाच्या तसा पडून असतो, म्हणून थंडीत त्याला जास्त तास द्यावे लागतात. सकाळी प्रश्न आला पाण्याचा. या बाबतीत आमच्या घरात दोन संप्रदाय आहेत. आई म्हणते, भिजवलेलं पाणी फेकायचं नाही, त्यात सत्त्व असतं. सासूबाई कोकणातल्या, वालाच्या बिरड्यांवर वाढलेल्या. त्या म्हणतात, फेकायचंच, नाहीतर वात धरतो. शास्त्र विचारलं तर ते नेहमीप्रमाणे दोघींना खूष ठेवतं. कडधान्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या आपल्याला पचत नाहीत, खाली मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागतात, आणि ते त्यांचा जो उत्सव करतात त्याला आपण वात म्हणतो. भिजवण्याच्या पाण्यात या शर्करांचा काही भाग उतरतो, म्हणून सासूबाई बरोबर. त्याच पाण्यात थोडी जीवनसत्त्वं आणि क्षारही उतरतात, म्हणून आई बरोबर. गोगो ते पाणी भोपळ्याच्या वेलाला घालतात. वेल सत्त्व घेतो, वाताची त्याला पर्वा नाही, आणि पुढे त्याचेच शेंडे उम्बिद्वोत येतात. दोन्ही संप्रदायांना जे आजवर जमलं नाही ते एका भोपळ्याने केलं.

मग शिजवणं. मी विचारलं, "गोगो, किती वेळ?"

"मऊ होईपर्यंत."

"म्हणजे अंदाजे?"

"कडक असतील तोवर नाही."

या उत्तरात चूक काढता येत नाही आणि त्यावरून गॅसही लावता येत नाही. म्हणून मी वर जाऊन कुकर काढला. मराठी कुटुंब परदेशी निघालं की सामानाच्या वजनात पहिली जागा कुकरची असते. त्याच्या पोटात मसाल्याच्या पुड्या आणि त्याच्याभोवती हिवाळी कपडे. डेनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये त्याचा मूळपुरुष तयार केला तो हाडं मऊ करण्यासाठी. झाकण घट्ट बसवून वाफ कोंडायची, म्हणजे पाणी शंभर अंशांच्या पुढे तापतं. सुरक्षेसाठी झडपही त्यानेच बसवली. त्या झडपेतून पुढे जे निघालं त्यावर आमच्या सगळ्या पाकशास्त्राचा डोलारा उभा राहील, याची त्या बिचाऱ्याला कल्पना नसणार. तूरडाळ तीन शिट्ट्या, छोले सहा, बटाटे दोन. घड्याळ बिघडलं तर आम्ही खपवून घेतो, शिट्टी बिघडली तर घरात सुतक.

म्बाबानेत तर कुकरला जास्तच मान हवा. या उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे उघड्या भांड्यात पाणी शहाण्णव अंशांच्या आसपासच उकळायला लागतं आणि मग कितीही जाळ केला तरी पुढे तापत नाही. पाणी खदखदा उकळतंय, ढवळतंय, उड्या मारतंय, आणि दाण्याला त्याचं काहीच नाही. मुंबईत जो दाणा दोन तासांत नमला असता तो इथे त्याहून जास्त घेणार. हे सगळं मी गोगोंना नीट समजावून सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. तेवढ्यात पहिली शिट्टी झाली आणि त्यांनी दाराची चौकट धरली.

"हे ओरडलं म्हणजे शिजलं?"

"नाही, अजून बऱ्याच वेळा ओरडायला हवं."

"आणि आत काय चाललंय ते बघता येतं?"

"नाही. उघडलं तर अंगावर येईल."

"मग कळतं कसं?"

"ओरडण्यावरून."

गोगो थोडा वेळ कुकरकडे बघत राहिल्या. "माझा नवरा असाच होता," म्हणाल्या आणि खाली गेल्या.

त्या गेल्यावर मी पहिल्यांदा या एककाचा विचार केला. शिट्टी म्हणजे नेमकं किती? आच मोठी असेल तर दर मिनिटाला एक, बारीक असेल तर दहा मिनिटांत एक. पाणी जास्त, भांडं मोठं, रबर सैल, वजनात कण अडकला, की हिशोब बदलला. 'चार शिट्ट्या' असं आम्ही ज्या खात्रीने लिहून ठेवतो त्या खात्रीने खरं तर काहीच सांगितलेलं नसतं. गोगोंचं 'मऊ होईपर्यंत' त्यापेक्षा काटेकोर आहे, फक्त त्यात आवाज नाही. आणि आवाज नसलेल्या स्वयंपाकावर विश्वास ठेवायची आम्हाला सवय नाही.

कुकरमधले तिंद्लुबु तासाभराच्या आत शिजले, हे नमूद करायला हवं. एकसारखे, गोंडस, दिसायला सुरेख. गोगोंनी एक दाणा बोटांत दाबला, तोंडात टाकला आणि मान हलवली. त्यांचं म्हणणं असं, की हे उकडलेत, शिजलेले नाहीत. लोखंडी भांड्यात काही दाणे आधी फुटतात, त्यांचा पिठूळ रस पाण्यात उतरतो, पाणी आटत दाट होत जातं, आणि उरलेले त्या दाट रसात सावकाश मुरतात. घोटल्यावर तो गोळा स्वतःला धरून राहतो. कुकरमध्ये पाणी आटायला वाव नाही, दाणे सगळे एकदम शहाणे होतात, त्यामुळे घोटलं की सरसरीत. मी वाद घालायच्या तयारीत होतो, पण दोन्ही चमचे शेजारी ठेवल्यावर वादाला जागा राहिली नाही.

म्हणून चुलीवर. आणि चुलीवर म्हणजे अर्धा दिवस. या वेळात करायचं काय, ही माझी खरी अडचण होती. आमचा स्वयंपाक म्हणजे हातघाईची लढाई: इकडे परतायचं, तिकडे वाटायचं, मधेच चव बघायची, कुठे करपलं तर धावायचं. इथे दाणे, पाणी आणि मीठ एकत्र आल्यावर माणसाचं काम संपतं. लाकूड सरकवायचं, कमी झालं तर गरम पाणी घालायचं, आणि बसायचं. गोगो बसतात. मला बसता येत नाही. मी झाकण उघडून बघायचो. दर वेळी वाफ जायची, उकळी मोडायची, आणि गोगो काही न बोलता झाकण परत ठेवायच्या. शेवटी त्यांनी झाकणावर एक दगड ठेवला. दगड झाकणासाठी नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

या फावल्या वेळात माणसाच्या डोक्यात काय काय येतं! थोडा टोमॅटो घालावा का? घालू नये, आंबट पडलं की दाण्याच्या सालातलं पेक्टिन विरघळायला नाखूष होतं आणि दाणा हट्टाला पेटतो. आमटीत चिंच, कोकम डाळ शिजल्यावरच का घालायची, त्याचं कारणही हेच. चिमूटभर खायचा सोडा? त्याने झपाट्याने मऊ होतील खरे, पण चव साबणाकडे झुकेल आणि ब१ जीवनसत्त्व जाईल ते वेगळं. थोडी हळद, नुसती रंगाला? या 'नुसती' शब्दापासून सावध राहावं. मराठी स्वयंपाकघरातली सगळी अतिक्रमणं 'नुसती चिमूटभर' पासूनच सुरू झाली आहेत.

शिजल्यावर गोगोंनी लाकडी पळी हातात दिली. घोटताना दाण्याचा वास येतो, मातीचा आणि किंचित भाजक्या शेंगदाण्याचा. दाट, तांबूस, मऊ पण जरा रवाळ असा तो गोळा सिश्वालाशेजारी, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीशेजारी, वाढतात. सोबत उम्बिद्वो आणि एमासी. एमासी म्हणजे विरजलेलं दूध, आपल्या दह्याहून सैल, गुठळ्या तशाच ठेवलेलं. एकेकाळी भोपळ्याच्या तुंब्यात लावायचे, आता दुकानात बाटलीत मिळतं. हाताने खायचं. चवीविषयी प्रामाणिकपणे लिहायचं तर पहिल्या घासाला मला मीठ आणि दाणा यांशिवाय काही लागलं नाही, आणि मी जिभेने तोंडभर फोडणी शोधून आलो. नंतरच्या घासांना दाणा गोडसर लागायला लागला. म्हणजे तो आधीपासूनच गोडसर असणार. उसळीत आम्ही वरून गूळ घालतो, त्यामुळे आतला कधी मोजला नव्हता.

पुढच्या रविवारी ओळखीची मराठी मंडळी जेवायला बोलावली. म्बाबाने आणि मान्झिनी मिळून आम्ही इतके थोडे आहोत की महाराष्ट्र मंडळ स्थापन करता येत नाही, आणि त्यामुळे त्यात फूटही पाडता येत नाही. हा देश सोडून जावासा न वाटण्याचं ते एक मोठं कारण आहे. मी सिफुफे केलं होतं, शुद्ध, कृतीबरहुकूम. गोगो प्रमुख पाहुण्या. मंडळींनी वाढून घेतलं. कौतुक झालं. 'किती पौष्टिक', 'अगदी सात्त्विक', 'पोटाला हलकं असेल नाही?' असे शब्द आले, आणि हे शब्द मराठी जेवणात चवीविषयी बोलायचं टाळण्यासाठीच वापरतात, हे मला ठाऊक होतं. एक काका म्हणाले, आजारी माणसाला फार छान. मग एक वहिनी पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

आधी कढलं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग शांतता. मग तड, तड, तड, आणि पाठोपाठ चर्रर्र.

दिवाणखान्यात सगळे एकदम गप्प झाले. सगळ्यांनी तो आवाज ओळखला होता, आणि प्रत्येक जण तो आपल्याला ऐकू आला नाही असा चेहरा करून ताटाकडे बघत होता. हिंगाचा वास आला तेव्हा माझ्या शेजारच्या काकांनी डोळे मिटले. वहिनी पातेलं घेऊन आल्या. वर मोहरी, कढीपत्ता, लाल मिरची, कुठून तरी पैदा केलेली कोथिंबीर. "जरा गरम करून आणलं," त्या म्हणाल्या. मंडळींनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तिसऱ्यांदाही घेतलं, आणि 'पौष्टिक' हा शब्द पुन्हा कोणी उच्चारला नाही.

गोगोंनीही घेतलं. आवडीने खाल्लं, मिरचीने डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं, आणि विचारलं, "फार छान झालंय. यात तिंद्लुबु घातलेत का?"

वहिनी म्हणाल्या, हो, त्याचंच आहे. गोगोंनी पातेल्यात डोकावून बघितलं आणि विनयाने मान डोलावली, पाहुण्यांच्या देवावर आपला विश्वास नसला तरी नमस्कार करावा तशी.

या प्रसंगाने दोन्ही पक्ष आपापल्या जागी पक्के झाले असते, पण गोगोंच्या घरी गावाकडून एक कोंबडा आला. बाजारातला पांढरा, आठवड्यांत वाढलेला नव्हे. अंगणात वर्षानुवर्षं धावलेला, जून, आपल्याकडे ज्याला गावठी म्हणतात तो. त्याला मऊ करायचं तर चूल दिवसभर अडून राहणार, आणि संध्याकाळी लेकी-नातवंडं जेवायला. गोगो वर आल्या. इकडचं तिकडचं बोलल्या. मग ओट्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तो ओरडणारा जरा दे."

मी दिला. आमच्या घरात मांस शिजत नाही, त्यामुळे परत आल्यावर कुकरचं काय करायचं, हा प्रश्न होता. पण पापँने तो हाडांसाठीच केला होता, तेव्हा मूळ हेतूला आपण आड येऊ नये, असं मी ठरवलं. तासाभराने खालून पहिली शिट्टी ऐकू आली, आणि पाठोपाठ नातवंडांचा जल्लोष. मग दुसरी. मग गोगोंची सर्वांत धाकटी नात धापा टाकत टेकडी चढून दारात आली.

"गोगो विचारतेय, कोंबडा किती शिट्ट्यांत होतो?"

मी आयुष्यात कोंबडा शिजवलेला नाही. तिला म्हटलं, "सांग, मऊ होईपर्यंत."